हरलेल्या मुलांशी काय बोलावं?

मंडळी, निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाशी काय बोलायचं हे कुठल्याही शिक्षकाला येतं. पाठीवर थाप मारायची, "शाब्बास" म्हणायचं, त्यानं आणलेला पेढा तोंडात टाकायचा. अवघड असतो तो प्रगतिपुस्तक हातात घेऊन व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला मुलगा. मी चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्या मुलाशी काय बोलावं हे ना बी.एड.ला कुणी शिकवलं, ना नंतरच्या प्रशिक्षण शिबिरांत. जो तो आपापल्या परीनं शिकतो, नाहीतर शिकतच नाही.

आज ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो अमेरिकेतल्या लहान मुलांच्या बेसबॉल संघाचा कोच. आता तुम्ही म्हणाल, या बाईंचा आणि बेसबॉलचा काय संबंध? संबंध आहे, बरं का. आमची लेक न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेले की एप्रिल ते जून माझे शनिवार मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर जातात, कारण नातू तिथल्या 'लिटल लीग'मध्ये खेळायचा. त्याला बहुतेक वेळा 'राइट फिल्ड'ला उभं करत. म्हणजे चेंडू जिथे सगळ्यात कमी येतो ती जागा! आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये लिंबूटिंबूला जिथे उभं करतात, तसंच समजा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. क्रिकेटसारखाच चेंडू-फळीचा खेळ. एक जण चेंडू फेकतो, तो पिचर. समोरचा तो लाकडी किंवा धातूच्या गोल बॅटनं मारतो आणि चार कोपऱ्यांना शिवत धावतो. चारही शिवून परत जागेवर आला की एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. मोठ्यांच्या सामन्यात अशा नऊ पाळ्या असतात, लहान मुलांच्या सामन्यात सहा. 'लिटल लीग' ही मुलांची संघटना कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात सुरू केली. भाच्या-पुतण्यांना खेळायला मिळावं एवढाच हेतू, आणि पहिल्या वर्षी संघ होते फक्त तीन. १९४७ पासून तिथे मोठी स्पर्धा भरू लागली. आज तिला 'वर्ल्ड सिरीज' म्हणतात आणि दर ऑगस्टमध्ये देशोदेशीची दहा ते बारा वर्षांची मुलं तिथे येतात. मुलींना मात्र दार उघडायला १९७४ साल उजाडावं लागलं, तेही कोर्टकचेऱ्या झाल्यावर. असो, तो वेगळा विषय.

तर गोष्ट आहे ऑगस्ट २०१४ ची. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वात छोटं राज्य. त्यातल्या कंबरलँड नावाच्या गावचा संघ विल्यम्सपोर्टपर्यंत पोचला. त्यांचे कोच डेव्ह बेलाइल. संघात त्यांचा स्वतःचा मुलगाही होता. १८ ऑगस्टला त्यांचा सामना शिकागोच्या 'जॅकी रॉबिन्सन वेस्ट' या संघाशी झाला. जो हरेल त्यानं घरी जायचं, असा सामना. शिकागोची मुलं ८-७ अशी जिंकली. अवघ्या एका धावेनं.

हरलेली मुलं रडत होती. बेलाइलनी त्यांना मैदानातच समोर घेतलं आणि दोन-तीन मिनिटं बोलले. टीव्हीवाल्यांनी कोचच्या अंगावर माइक लावलेला असतो, त्यामुळे ते बोलणं सगळ्या देशानं ऐकलं. जावयांनी मला ते फोनवर दाखवलं. इंग्रजी भराभर, शब्द सगळे पकडता येईनात. मी तीनदा लावायला सांगितलं, तेव्हा कुठे नीट कळलं.

आता माझी सवय म्हणा, पण चांगला पाठ दिसला की मी त्याची फोड करते. हाही पाठच होता.

पहिली गोष्ट, त्यांनी मुलांना माना वर करायला लावल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघा, म्हणाले. जो मुलगा जमिनीकडे बघतोय त्याच्या कानात काही शिरत नाही, हे आम्ही शिक्षक लोक जाणतो.

दुसरी गोष्ट, त्यांनी स्कोअर सांगितला. आठ-सात. तो लपवला नाही, "खरं तर आपणच जिंकलो" असली भाषा नाही, पंचांवर खापर नाही. काय घडलं ते आधी नीट मांडलं, आणि मग त्याच आकड्यातून दाखवून दिलं की आपण शेवटचा गडी बाद होईपर्यंत लढलो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बारा वर्षांच्या मुलाला खोटं लगेच कळतं. "जाऊ दे रे, मार्कांना काय अर्थ असतो" असं आपण म्हणतो तेव्हा तो आपल्याकडे कसा बघतो, आठवा. त्याला ठाऊक असतं की मार्कांना अर्थ आहे, आणि आपल्यालाही ते ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट, त्यांनी मुलांना त्यांच्या गावाची आठवण दिली. तुमच्यामुळे गाव, सगळं राज्य खुर्चीच्या टोकावर बसून होतं, असा काहीसा भाव. मुलाला वाटत असतं आपण गावाचं नाक कापलं. म्हणून हे सांगायला हवं होतं, आणि ते खरंही होतं.

चौथी गोष्ट माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागली. ते म्हणाले, रडू आलं तर रडा, कारण आपण आता पुन्हा एकत्र खेळणार नाही. इथे थोडं समजावून सांगते. या गटात बाराव्या वर्षापर्यंतच खेळता येतं. म्हणजे त्यातल्या बहुतेक मुलांचा तो लिटल लीगमधला शेवटचा सामना होता. इतके दिवस रोज भेटणारी ही टोळी उद्यापासून फुटणार होती. मुलं आठ-सातसाठी रडत होतीच, पण त्या रडण्यातला मोठा हिस्सा या फुटण्याचा होता. मुलांना ते स्वतःला सांगता आलं नसतं. कोचनी त्यांच्या दुःखाला बरोबर नाव दिलं. आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभात मुली हमसून रडतात, तेव्हा कुणीतरी म्हणतंच, "अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे?" असतं हो. पुष्कळ असतं.

आणि पाचवी गोष्ट, शेवटी त्यांनी पुढचं सांगितलं. अजून दोन दिवस इथे मजा करायची आहे, मग गावात मिरवणूक आहे. आणि त्याआधी सगळ्यांनी मला एकदा मिठी मारायची आहे. मी म्हातारा होत चाललोय, मला अशा आठवणी लागतात, असंही म्हणाले. म्हणजे उपकार मी तुमच्यावर करत नाही, तुम्ही मला काहीतरी दिलंत. किती शिक्षकांना हे वर्गासमोर म्हणता येतं?

एवढंच ते भाषण. हंगामाचा सगळा जमाखर्च दोन-तीन मिनिटांत मांडून टाकला.

हे बेलाइल काही हरण्याच्या घराण्यातले नव्हेत, हेही सांगायला हवं. त्यांचे वडील बिल बेलाइल हे ऱ्होड आयलंडमधल्या एका शाळेच्या आइस हॉकी संघाचे कोच होते. त्या संघानं १९७८ ते २००३ अशी सलग सव्वीस वर्षं राज्याचं विजेतेपद पटकावलं होतं, आणि हॉकीत डेव्ह वडिलांच्याच हाताखाली काम करत. जिंकणं म्हणजे काय हे ज्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज वाढलं जात असेल, त्या घरातला माणूस हे बोलत होता. म्हणून मला ते बोलणं पोकळ वाटलं नाही.

आमच्या जावयांना मात्र ते तितकंसं पटलं नाही. ते म्हणाले, "आई, तुम्हाला वाटतं तेवढं हे निर्मळ नाही. इथे हल्ली खेळलेल्या प्रत्येक पोराला ट्रॉफी देतात. हरल्याचं इतकं कौतुक केलं तर जिंकायची भूक कुठून येणार?" मुद्दा खोटा नाही. नातवाच्या कपाटात अशा चार-पाच सोनेरी प्लॅस्टिकच्या बाहुल्या आहेत आणि त्यातली कुठली कशाबद्दल मिळाली हे त्यालाही सांगता येत नाही.

पण मी त्यांना म्हटलं, "अहो, या माणसानं ट्रॉफी कुठे दिली? त्यानं तर आठ-सात असा आकडा सांगितला." समजूत घालणं आणि फसवणं यात फरक आहे. फसवणारा म्हणतो, तू हरलाच नाहीस. समजूत घालणारा म्हणतो, हरलास, मी पाहिलं, आणि तू काय काय चांगलं केलंस तेही मी पाहिलं. यातलं "मी पाहिलं" हे महत्त्वाचं. त्यासाठी हंगामभर बघत असावं लागतं. ज्या कोचनं चार महिने फक्त दोन चांगल्या पिचरकडेच लक्ष दिलं, त्याला शेवटच्या दिवशी बारा मुलांशी असं बोलता येणार नाही. बोलला तरी मुलं ऐकणार नाहीत.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. तो ऐकल्याशिवाय पहिला पुरा होत नाही.

ज्या शिकागोच्या संघानं कंबरलँडला हरवलं, तो पुढे अमेरिकेचा विजेता झाला. शेवटच्या सामन्यात दक्षिण कोरियाच्या मुलांनी त्यांना ८-४ असं हरवलं, पण देशातले पहिले तेच. शहराच्या दक्षिण भागातली ही सगळी कृष्णवर्णीय मुलं. त्या भागाच्या बातम्या एरवी गोळीबाराच्याच येतात. शिकागोत त्यांची मोठी मिरवणूक निघाली. नोव्हेंबरात व्हाइट हाउसमध्ये बोलावून राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कौतुक केलं. आणि ११ फेब्रुवारी २०१५ ला लिटल लीगनं जाहीर केलं की त्यांचं विजेतेपद काढून घेण्यात येत आहे.

कारण काय? लिटल लीगमध्ये प्रत्येक संघाला हद्द आखून दिलेली असते. त्या हद्दीत राहणारी किंवा तिथल्या शाळेत जाणारी मुलंच घ्यायची. चांगला खेळाडू दिसला म्हणून शेजारच्या वस्तीतून उचलून आणायचा नाही. लीगच्या म्हणण्यानुसार तिथल्या मोठ्या माणसांनी हद्दीचा नकाशाच बदलून दाखवला आणि बाहेरची मुलं संघात घेतली. संघाच्या मॅनेजरना निलंबित केलं, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना पदावरून काढलं आणि विजेतेपद लास व्हेगसच्या संघाला दिलं. असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९९२ मध्ये फिलिपिन्सच्या झांबोआंगा शहराच्या संघाचं जगज्जेतेपद असंच गेलं होतं. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या संघाचा सगळ्यात गाजलेला पिचर बारा वर्षांचा नसून चौदाचा निघाला. दोन्ही ठिकाणी घोळ घातला होता मोठ्यांनी.

नियम हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हद्द पाळली नाही तर ज्याच्याकडे पैसा आणि ओळखी त्याचाच संघ नेहमी जिंकेल. कंबरलँडसारख्या गावानं मग काय करायचं? पण शिक्षा कुणाला झाली ते पाहा. चेंडू त्या मुलांनी मारला होता. धावली ती होती. नकाशा त्यांनी आखला नव्हता, आखतात कसा हेही त्यांना माहीत नसणार. आपल्याकडे एखाद्या परीक्षा केंद्रावर सामूहिक कॉपी होते आणि सगळ्या केंद्राचा निकाल राखून ठेवतात. त्यात खाली मान घालून स्वतःच्या डोक्यानं पेपर लिहिणारी चार मुलं असतातच. त्यांच्या घरी त्या दिवशी काय होत असेल ते कुठल्या परिपत्रकात येत नाही. पदवी काढा, चषक काढा, नियमाप्रमाणे काढावंच लागेल. पण ते काढताना दोषी मोठ्यांनी मुलांसमोर येऊन "हे आम्ही केलं, तुम्ही नाही" एवढं एक वाक्य बोलायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. हरलेल्या मुलांशी बोलणं सोपं नाही म्हटलं ना, त्याहून कितीतरी अवघड हे बोलणं आहे.

हा निर्णय आल्यावर कुणालाही वाटेल की आता कंबरलँडच्या मुलांवर मोठा अन्याय झाला होता असं म्हणायला हवं. त्या अर्थी म्हणता येईलही. ज्यांनी हरवलं त्यांचे विजयच रद्द झाले. पण मला या ठिकाणी त्या भाषणाची किंमत जास्त कळली. त्या मुलांचा हंगाम ऑगस्टमध्येच नीट पुरा झाला होता. त्यांना काय मिळालं ते त्यांच्या कोचनी मोजून त्यांच्या हातात दिलं होतं, आणि त्यात विजेतेपद नव्हतंच. त्यामुळे सहा महिन्यांनी आलेल्या कागदानं त्यातलं काही वाढलं नाही की कमी झालं नाही. शिकागोच्या मुलांना ज्यांनी जे दिलं त्यात चषक होता, मिरवणूक होती, आणि एका कागदानं ते सगळं डळमळलं. त्या मुलांची मैत्री, त्यांचे फटके, त्या उन्हाळ्यातल्या बसमधल्या गमती, हे तर कुणाला काढून घेता येत नाही. हे त्यांना कुणी बसवून सांगितलं असेल अशी मला आशा आहे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. असं भाषण पाहिलं की आपण भारावतो आणि वाटतं, असा एक कोच मिळाला की झालं. पण प्रत्येक मैदानावर बेलाइल कुठून आणणार? गावोगावचे कोच म्हणजे बहुतेक मुलांचेच आईबाप. नोकरी सांभाळून संध्याकाळी येतात, पैसे घेत नाहीत. कुणी शांत असतो, कुणी तापट. म्हणून लिटल लीगनं काही गोष्टी कोचच्या स्वभावावर सोडलेल्या नाहीत, आणि मला त्या फार आवडल्या. एक म्हणजे, नेहमीच्या हंगामात प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान एकदा बॅटिंग आणि सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालंच पाहिजे. आमचा राइट फिल्डवाला खेळला तो या नियमाच्या जोरावर! दुसरं, २००७ पासून पिचरनं दिवसात किती चेंडू टाकायचे याला मर्यादा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पंच्याऐंशी, आणि सहासष्ट किंवा जास्त टाकले तर पुढचे चार दिवस हाताला विश्रांती. सामना कितीही अटीतटीचा असो, मोजणी पुरी झाली की त्यानं चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा. कोपराची हाडं वाढत असतात त्या वयात. जिंकण्याच्या नादात मोठी माणसं मुलाचा हात कामातून घालवतील, हे ओळखूनच हा नियम केलाय.

आपल्या शाळांमधून खेळ पाहिलेत मी. खो-खोच्या संघात नऊ जण मैदानात आणि बाकीचे राखीव. तालुका पातळीवर वर्षभर सराव करून एकदाही मैदानात न उतरलेल्या मुली मला माहीत आहेत. त्या मुलींच्या बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळण्यात हंगाम जायचा. त्यांना कुणी वाईट वागवलं असं नाही, पण नियमच नव्हता, मग आठवण कुणाला राहणार? निदान शाळेच्या आणि तालुक्याच्या पातळीवर प्रत्येक मुलाला खेळायला मिळालंच पाहिजे असा नियम आपण केला तर काय बिघडेल? फार तर दोन-चार सामने हरू. हरल्यावर काय बोलायचं ते वर लिहिलंच आहे.

जावई अजून पूर्ण पटलेले नाहीत. ते म्हणतात, "आई, जगात शेवटी स्कोअरबोर्डच बघतात." बघतात ना. मीही बघते. आयुष्यभर मार्कच मोजले मी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे. पण इतक्या वर्षांनी माजी विद्यार्थी रस्त्यात भेटतात, पाया पडायला वाकतात, तेव्हा त्यातला एकही जण मला त्याचे मार्क सांगत नाही. "बाई, तुम्ही त्या दिवशी असं म्हणाला होतात" हेच सांगतो. आणि बहुतेक वेळा तो दिवस त्याच्या विजयाचा नसतो.

म्हणून जे आज शाळेत आहेत, मैदानावर आहेत, त्या सगळ्या सर-बाईंना एवढंच सांगावंसं वाटतं. जिंकल्यावरचं भाषण आधीपासून तयार ठेवायची गरज नसते, ते आपोआप सुचतं. हरल्यावरचं मात्र पहिल्या दिवसापासून मनात लिहायला घ्या. त्यात घालायला प्रत्येक मुलाची एकेक खरी गोष्ट लागेल, आणि ती हंगामभर डोळे उघडे ठेवल्याशिवाय मिळत नाही.

तुमच्यापैकी कुणाला हरल्याच्या दिवशी तुमच्या सरांनी किंवा बाईंनी सांगितलेलं काही आठवत असेल तर जरूर लिहा. मला वाचायला आवडेल.